स्लॅबची एकच खोली

आमच्या शाळेला पाच खोल्या आहेत. चार पत्र्याच्या, एक स्लॅबची. पहिली ते चौथी पत्र्याखाली बसतात आणि स्लॅबखाली सर बसतात. सर म्हणजे शाळेचे संस्थापक, मुख्याध्यापक, आणि मावशी रजेवर असल्या की शिपाईसुद्धा. त्यांनी ही जागा स्वतःच्या घरासाठी घेतली होती. खालचा मोठा हॉल झाला, वरचा मजला राहिला तो राहिलाच, आणि पुढच्या अंगणात पत्रे टाकून शाळा सुरू झाली. तो हॉल म्हणजे आता ऑफिस. त्यात टेबल, फिरती खुर्ची, सोफा आणि काचेचं कपाट. कपाटात चषक आहेत. त्यातले निम्मे सरांना स्वतःला कॉलेजात कबड्डीत मिळालेले, पण प्रवेशाला आलेल्या पालकांना ते सांगायची आमच्यात पद्धत नाही.

मी दुसरीची बाई. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या रानातलं. ज्वारी काढून रानात पसरलेली असायची त्या दिवसांत आमच्या घरी कोणी सरळ समोर बघून चालत नसे, सगळ्यांच्या माना वर. त्यामुळे मार्च लागला की माझी नजर आपोआप आभाळाकडे जाते. सोलापूरच्या उन्हाचं सगळे बोलतात, आणि ऊन आहेच. पण ऊन सांगून येतं. त्याची तयारी आम्ही डोळे मिटून करतो: पत्र्यावर चुन्याचा हात मारायचा, आणि टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे पालक जे डागी टॉवेल देतात ते ओले करून खिडक्यांना लावायचे. गुलाब, मोर आणि 'सुस्वागतम' असे टॉवेल खिडक्यांत लोंबत असतात. दिसायला शाळा धोब्याच्या घाटासारखी दिसते, पण आत गार वाटतं.

वाऱ्याचं तसं नाही. मार्चमध्ये दुपारनंतर एकाएकी पानही हलायचं थांबतं, अक्कलकोटच्या बाजूला आभाळ मातकट होतं, आणि मग जे सुटतं ते धूळ, पाऊस, गारा सगळं एकदम घेऊन येतं. आमची सकाळची शाळा पाडव्यानंतर सुरू होते. तोवर मुलं पाचपर्यंत पत्र्याखालीच असतात.

मागल्या वर्षी असंच झालं. पहिलीच्या वर्गाचे दोन पत्रे मुलं आत असताना उचलले गेले आणि शेजारच्या प्लॉटमधल्या वेड्या बाभळीत जाऊन पडले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मुलं ती गोष्ट फुशारकीनं सांगत होती. कोणाचा पत्रा विमानासारखा गेला, कोणाचा हेलिकॉप्टरसारखा. वादळ होऊन गेल्यावर सगळ्यांच्या फोनवर वादळाचा इशारा आला, म्हणजे वरातीमागून घोडं. आम्ही हसलो, पत्रे परत आणून ठोकले आणि विसरलो.

एक मुलगी विसरली नाही. तेव्हा ती पहिलीत होती, उडालेल्या पत्र्याच्या बरोब्बर खाली बसलेली. यंदा ती माझ्या वर्गात आली. बारीक, दोन घट्ट वेण्या, अक्षर सुंदर, बोलणं जवळजवळ नाही. तिचं एकच होतं. वारा सुटला की ती उठायची आणि घरी पळायची. विचारणं नाही, रडणं नाही, दप्तर जागच्या जागी आणि ही फाटकाबाहेर. पावसाळ्यात दोनदा पळाली, मी दोनदा फाटकाशी धरली. फेब्रुवारीत मात्र साधं वारं सुटलं, माझं तोंड फळ्याकडे होतं, आणि ती पार मोठ्या रस्त्यावर गेली. एका टेम्पोवाल्यानं कचकन ब्रेक मारला आणि तोच तिला दंडाला धरून शाळेत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. मूळची वळसंगकडची, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सरांनी आई आणि मुलगी दोघींना ऑफिसात उभं केलं. सर माणूस वाईट नाही, पण त्यांचा आवाज कबड्डीच्या मैदानावर तयार झालेला आहे. "शाळेच्या वेळेत न विचारता बाहेर जायचं नाही!" एवढंच ते म्हणाले, आणि कपाटाच्या काचा थरथरल्या. मुलगी आईच्या पदरामागे गेली. आईनं तिला पुढं ओढलं नाही. ती म्हणाली, "सर, तुमी वरडून ती ऱ्हायाची न्हाय. मी कामावर बसते अन् माजं निम्मं चित्त हितं असतंय. वारं सुटलं की मशीनवर हात चालत न्हाय. अजून एकदा पळाली की म्या तिला वळसंगला आयकडं ठिवते. शेरडं राखंल, पर जिती तरी ऱ्हाईल."

"आणि शाळा?" मी विचारलं.

"तितं हाय की शाळा. गेली तर गेली." मग ती म्हणाली, "लई हुशार हाय वो बाई पोरगी. मला कळत न्हाय का?"

मला तिचा राग आला नाही, सरांचा आला. आणि खरं सांगायचं तर त्या टेम्पोपासून माझीही झोप उडाली होती. वळसंगची आजी एकटी, त्यात गुडघ्यानं बसलेली. शेरडं आली की शाळा कशी आपोआप सुटते हे मी माझ्या माहेरच्या आळीत चार-पाच मुलींचं पाहिलेलं होतं. ही मुलगी शेरडांमागे गेली असती तर त्या सुंदर अक्षराचं मी काय करणार होते?

तेव्हा आमच्या वादळाच्या तयारीला सुरुवात झाली ती अशी. सरांना काळजी पत्र्यांची होती, मला एका मुलीची. पण दोन्ही गोष्टींना उत्तर एकच होतं, की वारा सुटला की सगळी शाळा स्लॅबखाली आली पाहिजे. हे मी म्हणाले तेव्हा सर आपल्या ऑफिसकडे असे बघायला लागले जसं कोणी त्यांची लेक मागितली आहे.

"सोफ्याचं काय?" ते म्हणाले.

"सोफा व्हरांड्यात."

"भिजेल की हो बाई."

"मग मुलं भिजू देत, सोफा आत ठेवू."

सोफा व्हरांड्यात गेला. कपाट भिंतीला खिळ्यांनी ठोकलं, चषक गोणीत बांधून माळ्यावर टाकले. फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून पत्र्यांचे सगळे हूक आवळून घेतले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून, दोन-दोन पोती दोरीनं जोडून छपरावर खोगिरासारखी टाकली. फाटकावर 'प्रवेश सुरू आहे' असा मोठा फ्लेक्स होता, तो वाऱ्यात शिडासारखा फुगायचा म्हणून मी उतरवायला लावला. सरांचा जीव तेव्हाही खालीवर झाला. कडुलिंबाच्या वाळक्या फांद्या छाटल्या. मुलांना घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्या चाचांना सांगून ठेवलं की वारा असेपर्यंत एकही मूल सोडणार नाही. ते हसून म्हणाले, "छोडे भी तो मैं नै लेके जाता, मॅडम. मेरी रिक्षा ही उड जाती." फाटकाला आतून साखळी घातली. घंटा एकसारखी वाजत राहिली की सगळ्यांनी ओळीनं ऑफिसात जायचं, असं ठरलं.

मग आम्ही सराव घेतला. सर हातात फोन घेऊन मैदानाच्या मध्यभागी उभे राहिले, वेळ मोजायला. मावशींनी घंटा बडवली. मुलं छान ओळीनं निघाली. सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. पहिलीचा पहिला मुलगा ऑफिसच्या दाराशी पोचला आणि थांबला. खाली बसून त्यानं बूट काढले. भिंतीला लावून ठेवले. मग उठून उजवा हात पुढं केला आणि म्हणाला, "मे आय कम इन सर?"

आतून उत्तर येणार कसं? सर मैदानात. मुलगा थांबला. त्याच्या मागची मुलगी खाली बसून बूट काढायला लागली. तिच्या मागे दुसरी येऊन आदळली, तिच्या मागे तिसरी, चौथी. शाळेची सगळी मुलं दारात, व्हरांड्यात आणि सोफ्यावर गच्च, आणि ऑफिस रिकामं. मावशी घंटा बडवतायत. मी मागून ओरडले, "अरे, आत जा ना!"

तो मुलगा वळला आणि मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "बाई, सर आत नाहीत."

मला आधी भयंकर राग आला आणि मग व्हरांड्याच्या खांबाला धरून मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. चूक त्याची काडीमात्र नव्हती. ऑफिसात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हे आम्हीच शिकवलं. सरांच्या शाळेत मुलांना पाढे एखाद्या वेळी येणार नाहीत, पण 'मे आय कम इन' झोपेतही येतं. प्रवेशाला आलेल्या पालकांसमोर सर मुद्दाम एखाद्या मुलाला काहीतरी आणायला बोलावत, म्हणजे तो दारात थांबून विचारेल आणि पालक खूश होतील. वाळूची पोती, हूक, साखळी, सगळ्याची तयारी केली आणि मुलांना आत कसं आणायचं हेच राहिलं.

सर फोनकडे बघत दारापाशी आले. "फार वेळ लागला," ते म्हणाले. मी म्हणाले, "अजून संपलेला नाही सर. तो तुमची वाट बघतोय."

पुढचे काही दिवस आम्ही आमचीच शिस्त मोडण्यात घालवले. असली उलटी शिकवणी मी उभ्या आयुष्यात केली नव्हती. मुलांना सांगून भागेना, पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा मी ठरवलं की रोज एका वर्गानं डबा ऑफिसात खायचा. विचारायचं नाही, बूट काढायचे नाहीत, सरळ आत येऊन सतरंजीवर बसायचं. पहिल्या दिवशी मुलं अंग चोरून बसली, घाससुद्धा आवाज न करता चावत होती. दुसऱ्या खेपेला त्यांना पंखा गार लागतो हे कळलं. तिसऱ्या खेपेला तिसरीचा एकजण फिरत्या खुर्चीवर गोल फिरताना सापडला. सर दारात उभे राहून बघत होते, आणि माझी नजर गेल्यावर म्हणाले, "त्या खुर्चीचं एक चाक जरा कच्चं आहे, त्याला सांगा." मला वाटलं, चला, माणूस सुधारतोय.

सगळी शाळा आत आली, माझी ती मुलगी आली नाही. तिचा वर्ग आत जेवायचा तेव्हा ती दारात, उंबऱ्याबाहेर बसून जेवायची. मी हाताला धरून आणलं की हात कोरड्या लाकडासारखा व्हायचा, मग मीच सोडून द्यायची. जिथं आईबरोबर उभं राहून बोलणी खाल्ली ती जागा होती ती. वाऱ्याला भिऊन पळणाऱ्या पोरीला आम्ही वाऱ्याच्या दिवशी तिथंच बोलावत होतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी सरांना तसं तोंडावर सांगितलं. "तिला तुमची भीती वाटते."

मोठा माणूस, पण कोणी घाबरतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.

"खुर्चीवर बसू नका. आता रोज माझाच वर्ग आत जेवेल, खाली बसून जेवा आमच्याबरोबर."

सर खाली बसले. गुडघे वाजले त्याचा आवाज दारापर्यंत गेला. त्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. त्यांनी चटणीचा डबा दाराच्या दिशेनं सरकवला आणि आपल्या मते हळू आवाजात म्हणाले, "घे की गं, ये!" अख्खी दुसरी दचकली. मुलगी आपला डबा उचलून पार खांबामागे गेली. सर चटणीकडे बघत बसले. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते घडलं, ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ऊन मरणाचं होतं, भाकरी खाऊन झाली होती, सर भिंतीला टेकले आणि त्यांचा डोळा लागला. तोंड उघडं, हात मांडीवर, आणि घोरणं असं की पंख्याचा आवाज ऐकू येईना. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. सरांना झोपलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. ती उंबऱ्यावर उभी होती. मग उंबऱ्याच्या आत. मग भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत, ती सरांच्या अगदी जवळ आली आणि वाकून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. सरांची मिशी श्वासाबरोबर वर जायची आणि खाली यायची. ती तिथंच फतकल मारून बसली. डबा संपेपर्यंत बसली. तिला हसताना मी त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं.

सर जागे व्हायच्या आत ती बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी तिनं दारातून डोकावलं, सर टक्क जागे दिसले, ती परत खांबामागे. माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सर, उद्यापासून तुम्ही झोपायचं," मी म्हणाले.

"काय बोलताय बाई! मुख्याध्यापक शाळेच्या वेळेत झोपतात असं बाहेर गेलं तर?"

"खरं झोपू नका. नाटक करा."

सर दुखावले. एक आख्खा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पण दुसऱ्या दिवशी डबा संपल्यावर त्यांनी हळूच भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. इतकं वाईट नाटक मी गॅदरिंगमध्येही पाहिलेलं नाही. पापण्या फडफडत होत्या, पायाचा अंगठा हलत होता आणि घोरणं स्कूटर सुरू होत नसल्यासारखं मधूनच बंद पडायचं. तरी ती आत आली. रोज यायला लागली. मी आपल्याला काही माहीतच नाही असं दाखवून भाकरीचे तुकडे मोडत बसायची. एकदा तिनं सरांच्या बाहीवरची मुंगी चिमटीत धरून बाजूला ठेवली. सरांनी डोळे उघडले नाहीत, पण नंतर मला म्हणाले, "बाई, आज फार अवघड गेलं." त्यांचा आवाज तेव्हा खरोखर हळू होता. मला त्या दिवशी आमची शाळा, ते पत्रे, ते मोराचे टॉवेल, सगळंच फार बरं वाटलं. दुसऱ्या मोठ्या शाळेतून बोलावणं आलं असतं तर मी गेले नसते.

आणि मग पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात तो दिवस आला. दुपारनंतर टॉवेल हलायचे थांबले. मी खिडकीतून पाहिलं, अक्कलकोटच्या बाजूला मातकट भिंत उभी राहत होती. मी मावशींना हाक मारली आणि वह्यांच्या ढिगातून उठले. वर्गाकडे वळते तो पहिला झोत आला, दार धाडकन आपटलं, खडूची धूळ माझ्या डोळ्यांत गेली. घंटा वाजायला लागली. "चला, ऑफिसात चला!" मी ओरडले. मुलं बुटांसकट, आरडाओरडा करत, एकही परवानगी न मागता धावली. मी डोळे पुसून बाक मोजले तर एका बाकावर नुसतं दप्तर होतं.

मी सरळ फाटकाकडे पळाले. साखळी जागेवर होती, पण साखळीखालून बारीक मूल सहज निघेल एवढी फट होती, आणि हे मला त्या क्षणी दिसलं. रस्ता धुळीत गेला होता. ट्रकांचे दिवे दुपारी लागलेले. मी तिचं नाव घेऊन ओरडले, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. वरून गारा यायला लागल्या, डोक्यावर, खांद्यावर, पत्र्यावर. पत्र्यांचा तो आवाज! माझ्या मनात एकच होतं, की ती रस्त्यावर असेल तर तिच्या आईला मी काय सांगू. वळसंगचं मी विसरूनच गेले होते. मला ती फक्त जिती हवी होती.

साखळी काढायला जाते तो पलीकडून दोन हात फाटकावर आले. तिची आई. कारखान्यातून तशीच पळत आलेली, गळ्यात मापाची फीत, केसांत गारा. "कुटं हाय?" ती ओरडली. "माजी पोरगी कुटं हाय? रस्त्यावर न्हाय दिसली मला!"

मी साखळी काढली, तिचा हात धरला आणि आम्ही दोघी व्हरांड्याकडे धावलो. सरांना सांगायचं, रिक्षावाल्यांना रस्त्यानं पाठवायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. मागे तिसरीचा एक पत्रा वाळूच्या पोत्यांसकट सुटला आणि खणखणत मैदानात पडला. आतल्या मुलांनी एकदम किंकाळी फोडली.

दारात पोचलो आणि मी थांबले. सगळी शाळा त्या हॉलमध्ये कोंबून बसलेली. लहान मुलं रडतायत, मोठी त्यांना धरून बसलीत, मावशी कोणाचं तरी नाक पुसतायत, वर गारांचा मारा. आणि या सगळ्यात सर भिंतीला टेकून, डोळे घट्ट मिटून, तोंड उघडं टाकून घोरत होते. ज्या माणसानं शंभर मुलांना धीर द्यायचा तो माणूस घोरतोय! माझा संताप झाला. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याशी मला दोन घट्ट वेण्या दिसल्या.

घंटेच्याही आधी, वारा सुटल्याबरोबर ती नेहमीसारखी पळाली होती. फक्त फाटकाकडे न पळता इकडे पळाली होती. मावशींनी नंतर सांगितलं की ती दारात येऊन उभी राहिली, सरांनी तिला पाहिलं, आणि हातातला फोन खाली ठेवून ते तिथल्या तिथं भिंतीशी बसले आणि झोपले.

आई माझ्या बाजूनं आत घुसली. मुलांच्या पायांत पाय अडकत, रडत, मोठमोठ्यानं तिचं नाव घेत ती भिंतीपर्यंत गेली आणि तिनं मुलीला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. मुलीचे हात सरांच्या बाहीवरून सुटले. तिनं आईच्या खांद्यावरून खाली पाहिलं, मग आईच्या ओल्या तोंडावर तळहात ठेवला.

"हळू बोल की, आई," ती म्हणाली. "सर झोपल्यात."

आईनं सरांकडे पाहिलं. सरांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी गालावर येत होतं आणि ते घोरतच होते. मग हळूच मुलीला मांडीवर घेऊन ती त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसली, आणि मला अगदी दबक्या आवाजात विचारलं, "उद्या शाळा हाय न्हवं, बाई?"